काचपेटीत स्टर्जन पाळावा काय ?

(कृषी अधिकारी, मारेगाव, जि. यवतमाळ)

कपाशीवरील गुलाबी बोंडअळी, सोयाबीनचे घसरलेले उतारे आणि तुरीवरील मर रोग असे जिव्हाळ्याचे प्रश्न समोर असता, या पत्रिकेची जागा काचेच्या पेटीतील शोभेच्या माशांवर का खर्चावी, असे पुष्कळ वाचकांस वाटेल. मलाही तसेच वाटत होते. परंतु गेल्या उन्हाळ्यात घडलेल्या एका प्रसंगाने माझे मत बदलले, आणि ग्रामसेवक व शेतकरी बंधूंपुढे ही गोष्ट मांडणे आपले कर्तव्य आहे असे वाटू लागले.

वर्धा नदीच्या बाजूच्या एका गावी शेततळ्याच्या पाहणीसाठी गेलो होतो. पाहणी आटोपल्यावर तळ्याच्या मालकांनी चहासाठी घरी नेले. बैठकीच्या खोलीत तीन फूट लांबीची काचेची मत्स्यपेटी होती. हल्ली गावोगावी, दुकानांतून, दवाखान्यांतून व घरांतून अशा पेट्या दिसतात आणि सर्वजण तिला ‘फिश टँक’ म्हणतात. घरातील तरुण मुलगा पदवीधर असून शेती पाहतो. त्याने मोबाईलवर एक चित्रफीत दाखविली. तीत लांब नाकाचा, पाठीवर हाडांच्या ढालींची रांग असलेला, जुन्या काळच्या मगरीसारखा दिसणारा एक मासा काचेमागे संथपणे फिरत होता. हा स्टर्जन. याच्या अंड्यांना परदेशात ‘कॅव्हिअर’ म्हणतात व ती फार महाग विकली जातात, हे मुलाने वाचले होते. एका शहरातील विक्रेता बोटभर लांबीची दोन पिल्ले पाठवावयास तयार होता. आधी पेटीत वाढवावीत व जमले तर पुढे शेततळ्यात सोडावीत, असा त्याचा विचार होता.

मी विचारले, “आणि पेटीत मावेनासा झाला तर ?”

मुलाच्या आधी वडीलच उत्तरले, “मोठा झाला त काय साहेब, वर्धा माय हायेच की.”

हे उत्तर त्यांनी अगदी सहज आणि मायेने दिले. मुक्या जिवाला मोकळे करावे यात पुण्य आहे, अशी आपली भावना आहे. तीत वावगे काही नाही. पण या एका वाक्याने मला त्या रात्री झोप लागू दिली नाही, आणि हा लेख त्या वाक्याचे उत्तर आहे.

प्रथम स्टर्जनविषयी. हा मासा मुळात थंड पाण्याचा. सायबेरियातील ओब, येनिसी, लेना या नद्या, युरोपातील व्होल्गा व डॅन्यूब, कॅस्पियन व काळा समुद्र ही याच्या निरनिराळ्या जातींची घरे. भारतात याची एकही जात नैसर्गिकरीत्या आढळत नाही. याचे कूळ फार प्राचीन, सुमारे वीस कोटी वर्षांचे मानले जाते. सांगाडा बहुतांशी कूर्चेचा, अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या ढालींच्या पाच रांगा, तोंड खालच्या बाजूस व तोंडापुढे चार मिशा. या मिशांनी तो तळ चाचपीत जातो आणि सापडेल ती अळी, किडा, शिंपला शोषून घेतो. युरोपातील हौशी लोक बागेतील तळ्यांत ठेवतात तो ‘स्टर्लेट’ त्यांच्यात लहान समजला जातो, आणि तोही पूर्ण वाढला म्हणजे अडीच-तीन फुटांचा होतो. सायबेरियन स्टर्जन पाच-सहा फुटांपर्यंत वाढतो. ‘बेलुगा’ ही मोठी जात पंधरा फुटांहून लांब झाल्याच्या नोंदी आहेत.

आता आपली पेटी पाहा. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच पेटीत काठोकाठ भरले तरी सुमारे १९० लिटर पाणी मावते. दोन फुटांचा मासा दीड फुटाच्या रुंदीत वळणार कसा ? तो एका टोकाकडून निघाला की क्षणात दुसऱ्या काचेवर नाक आपटतो. ते नाक मिशांसकट त्याचे अन्न शोधण्याचे साधन आहे. ते सोलवटले की त्याला खाणे सापडत नाही. पेटीत शोभेसाठी दाट वनस्पती लावल्या असतील तर आणखी संकट, कारण त्यांत शिरलेल्या स्टर्जनला मागे सरकून सुटणे कठीण जाते. बैल गोठ्यात बांधतो तेव्हा निदान त्याला बसता-उठता येईल इतकी जागा आपण ठेवतो. येथे तेवढीही नाही.

जागेपेक्षाही मोठी अडचण उष्णतेची आहे. स्टर्जनला साधारणतः वीस अंशांच्या आतबाहेरचे पाणी मानवते. पंचविशीच्या वर त्याची प्रकृती ढासळू लागते. आपल्या भागात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, आणि टिनाच्या छपराखालील खोलीतील पेटीचे पाणी तिशीच्या वर सहज जाते. पाणी जितके तापेल तितका त्यात विरघळणारा प्राणवायू कमी. १५ अंश तपमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे १० मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो. ३० अंशांस तो साडेसातवर येतो. उलट तापलेल्या पाण्यात माशाच्या शरीराची प्राणवायूची गरज वाढलेली असते. वैशाखात बैलाला पाणी जास्त लागावे आणि नेमकी त्याच वेळी विहीर तळाला जावी, तसा हा प्रकार. पाणी थंड ठेवणारी यंत्रे मिळतात, पण ती चोवीस तास विजेवर चालावी लागतात. आपल्याकडील वीज भर दुपारी किती वेळ टिकते हे मी वाचकांस सांगावयास नको.

तिसरी गोष्ट घाणीची. माशाच्या विष्ठेतून व श्वासातून पाण्यात अमोनिया उतरतो. युरियाचे पोते उघडे राहिले म्हणजे नाकात जो झणका येतो त्याच जातीचा हा वायू. पेटीतील गाळणीत वाढणारे उपयुक्त जीवाणू त्याचे रूपांतर कमी विषारी नत्रसंयुगांत करतात. पण मासा मोठा आणि पाणी थोडे असले म्हणजे जीवाणू पुरे पडत नाहीत. शिवाय आपल्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यातील विहिरींचे पाणी बहुधा क्षारयुक्त व जड. क्षारधर्मी आणि तापलेल्या पाण्यात अमोनियाचा विषारीपणा वाढतो.

शेततळ्यात सोडल्यास जागेचा प्रश्न सुटेल, असे कोणी म्हणेल. तीस मीटर लांब-रुंद व तीन मीटर खोल शेततळ्यात, बाजूंना एकास एक उतार धरल्यास, पूर्ण भरल्यावर सुमारे २२ लाख लिटर पाणी असते. जागा भरपूर झाली, परंतु ऊन तेच. एप्रिल-मेमध्ये आपली शेततळी कपाशी व भाजीपाल्यासाठी उपसली जातात आणि उरलेले गुडघाभर पाणी दिवसभर तापते. त्यात रोहू-कटला तग धरतील, स्टर्जन धरणार नाही. अंड्यांचे म्हणाल तर मादी पक्व होण्यास जातीप्रमाणे सात-आठ वर्षांपासून पंधरा-वीस वर्षांपर्यंत काळ लागतो. एवढ्या काळात बांधावरील सागही बराच वाढलेला असेल, आणि त्याला खाद्य द्यावे लागत नाही.

याशिवाय कायद्याची बाजू आहे. अंड्यांच्या हव्यासापायी व नद्यांवरील धरणांमुळे स्टर्जनची जगभर दैना झाली आहे. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने २०२२ मध्ये केलेल्या फेरतपासणीत उरलेल्या सर्वच्या सर्व २६ जाती संकटग्रस्त ठरल्या. त्यांचाच चुलतभाऊ असलेला चीनच्या यांगत्से नदीतील पॅडलफिश तर नामशेष झाल्याचे तेव्हाच जाहीर झाले. १९९८ पासून सर्व जातींच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारान्वये नियंत्रण आहे. आपल्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने अशा करारातील प्राण्यांसाठी स्वतंत्र अनुसूची जोडली गेली आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे असे जिवंत प्राणी जवळ बाळगणाऱ्याने शासनाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर त्यांची नोंद करावयाची आहे. फोनवरील विक्रेता यातील एक अक्षर बोलत नाही. पिशवीत मासा येतो, पावती येत नाही. सबब, स्टर्जन आपल्या घरात, पेटीत वा शेततळ्यात पाळण्याच्या भानगडीत कोणी पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

येथेच लेख संपला असता. परंतु वडिलांचे ते वाक्य उरतेच. वर्धेत सोडलेला स्टर्जन पहिल्याच उन्हाळ्यात मरेल, म्हणजे नदीला त्याच्यापासून विशेष भय नाही. हानी त्या माशाचीच. पण ज्या सवयीने स्टर्जन वर्धेत जाईल, त्याच सवयीने दुसरेही मासे जातील, आणि ते मरणार नाहीत.

आपल्याला हे नवीन नाही. तळ्यांतून माजणारी जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून आली ती तिच्या जांभळ्या फुलांच्या शोभेसाठी. नाल्याकाठची बेशरम कोणी एकेकाळी कुंपणाला व शोभेला लावली. आज ती उपटता उपटत नाही. गाजरगवत पुण्यात प्रथम आढळल्याची नोंद १९५५ च्या सुमाराची. आता कोणता बांध त्यावाचून आहे? माशांच्या बाबतीत तर आम्हां सरकारी नोकरांनी थोडे खाली मान घालूनच बोलावे. चिलापी, म्हणजे तिलापिया, हा मूळचा आफ्रिकेतील मासा १९५२ साली आपल्या देशात आणला गेला. हेतू उत्तम होता : गरिबाच्या ताटात स्वस्त मासळी यावी. परंतु मादी अंडी व पिल्ले तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्ले वाचतात फार, वर्षातून अनेकदा वीण होते, आणि तळे हातभर माशांऐवजी बोटभर चिलापींनी भरून जाते. पाच-सात वर्षांतच जाणत्यांना चूक कळली. पण तोवर मासा पाण्यात गेला होता, आणि पाण्यात गेलेला मासा परत बोलावता येत नाही. थाई मांगूर या परदेशी मांसाहारी माशाच्या पालनावर केंद्र शासनाने २००० साली बंदी घातली. तरीही तो चोरून पाळला जातो आणि महाराष्ट्रात त्याची तळी नष्ट करण्याच्या मोहिमा काढाव्या लागतात.

हे मुद्दाम आणलेले मासे झाले. शोभेच्या पेटीतून निसटलेल्यांची कहाणी वेगळी, आणि तीच आपल्या विषयाची. केरळात ऑगस्ट २०१८ च्या महापुरानंतर कोळ्यांच्या जाळ्यांत आरापायमा व अ‍ॅलिगेटर गार हे अमेरिका खंडांतील मासे सापडू लागले. ते हौशी लोकांच्या तळ्यांतून व पेट्यांतून पुराबरोबर नदीत आले होते. असाच एक गार २०२३ मध्ये श्रीनगरच्या दाल सरोवरात मिळाला. खुद्द स्टर्जनचेही उदाहरण आहे. फ्रान्समधील जिरोंद खाडीत युरोपचा मूळचा स्टर्जन शेवटच्या घटका मोजत असता, डिसेंबर १९९९ च्या वादळात तेथील मत्स्यशेतीतून हजारो सायबेरियन स्टर्जन बाहेर पडले. थंड देशात त्यांना पाणी मानवणारे होते, म्हणून तेथे ते संकट ठरले.

आपल्या महाराष्ट्रात भीमेवरील उजनी जलाशयाचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. तेथे मच्छीमारांच्या जाळ्यांत ‘सकर’ येतो. हा तोच मासा, जो पेटीच्या काचेवरील शेवाळ खातो म्हणून बोटभर असताना विकला जातो. दक्षिण अमेरिकेतील हा मासा दीड फुटापर्यंत वाढतो. अंग ढालींनी व काट्यांनी मढलेले असल्यामुळे दुसरे मासे त्याला खात नाहीत, त्याचे काटे जाळ्यात अडकून जाळे फाटते, आणि बाजारात त्याला कोणी विचारीत नाही. काठच्या मातीत तो बिळे करून अंडी घालतो, त्याने काठ ढासळतात. पाण्यातील प्राणवायू कमी पडला तर हा पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो व तीतील प्राणवायू जठरातून शोषून घेतो. म्हणजे जे ऊन स्टर्जनला मारते, ते याला मारीत नाही.

वर्धा, निर्गुडा, पैनगंगा या नद्यांवर व गावतलावांवर जाळे टाकून पोट भरणारी भोई-ढिवर कुटुंबे आपल्या शेजारी राहतात. त्यांच्या मच्छीमार सहकारी संस्था तलावाचा ठेका घेतात, बोटुकली विकत आणून सोडतात. एक नायलॉनचे जाळे फाटले तर त्याची किंमत काय, हे त्यांना विचारावे. आपल्या बैठकीच्या खोलीची शोभा त्यांच्या जाळ्यावर भागविली जाऊ नये, एवढीच माझी विनंती आहे. पूरही आता लांबची गोष्ट राहिलेली नाही. जुलै २०२२ मध्ये वर्धेच्या पुराने वणी-मारेगाव भागातील शेते पाण्याखाली गेली, हे सर्वांनी पाहिले. नाल्यालगतच्या शेततळ्यात परका मासा असता तर त्या पुरात तो कोठे गेला असता, हे सांगण्यास शास्त्रज्ञ लागत नाही.

याचा अर्थ काचपेटी ठेवूच नये असा मुळीच नाही. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये उघडले तेव्हापासून किती मराठी मुलांनी तेथे काचेला नाक लावून मासे पाहिले असतील ! मासा पाहता पाहता मूल पाणी, श्वास, अन्न यांचा विचार करू लागते. शेतकऱ्याच्या मुलाला ते शिक्षण हवेच. फक्त मासा पेटीत आयुष्यभर मावणारा असावा. आपल्या ओढ्यांत दोन काळे ठिपके असलेला टिक्टो नावाचा चिमुकला मासा मिळतो. तो तीन-चार इंचांपुढे जात नाही, थव्याने राहतो, आपले ऊन त्याला अंगवळणी पडलेले आहे, आणि दहा-बारा टिक्टो तीन फुटी पेटीत आनंदाने नांदतात. बाजारातील गप्पीही लहानच; पण ते मूळचे परदेशी आहेत व झपाट्याने वाढतात. आरोग्य खाते डासांच्या अळ्यांसाठी ते देते तेव्हा त्यांना हौदात व बंदिस्त टाक्यांतच ठेवावे, नाल्यात सोडू नये. ग्रामसेवकांनी ही गोष्ट डासनिर्मूलनाच्या सभेतच सांगून टाकावी. त्यासाठी निराळी सभा घेण्याचे कारण नाही.

मासा विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याला त्याची पूर्ण वाढ किती व आयुष्य किती हे विचारावे. तो अडखळला तर घेऊ नये. नको झालेला मासा दुकानदाराला परत द्यावा किंवा मोठी टाकी असलेल्या दुसऱ्या हौशी माणसास द्यावा. नदीत, तलावात, विहिरीत, कालव्यात तो सोडू नये. पेटीतील देशी मासाही पुन्हा ओढ्यात सोडू नये, कारण पेटीतील रोग त्याच्याबरोबर ओढ्यात जातो. जाळ्यात अनोळखी मासा आला तर परत पाण्यात न टाकता त्याचे छायाचित्र काढावे व जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयास कळवावे.

त्या घरी हे सर्व बोलणे झाले. मुलगा हुशार होता. उन्हाळ्याचा व अमोनियाचा हिशेब ऐकून त्याने स्टर्जनचा नाद तेथेच सोडला. उठता उठता माझे लक्ष पेटीच्या कोपऱ्याकडे गेले. दगडामागे एक वीतभर लांबीचा, काळपट, ठिपकेदार मासा काचेला तोंड लावून चिकटलेला होता. मी विचारले, हा कोणता ? मुलगा म्हणाला, काच साफ करायला दोन वर्षांपूर्वी आणला, तेव्हा एवढासा होता; आता पेटीतली झाडे उपटतो, म्हणून पोळ्याच्या आधी नाल्यात सोडायचे ठरले आहे.

वडिलांनी एकदा माझ्याकडे व एकदा त्या माशाकडे पाहिले. घरामागे जनावरांच्या पाण्याचा जुना सिमेंटचा हौद रिकामा पडलेला होता, नाल्यापासून लांब आणि उंचावर. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो घासून भरला, वर लोखंडी जाळी बसविली व कडुनिंबाची सावली पडेल अशी व्यवस्था केली. हा मासा दहा-पंधरा वर्षे जगू शकतो, तितकी वर्षे हौदाचे पाणी बदलावे लागेल, हे मी आधीच सांगून ठेवले होते. पाणी बदलण्याचे काम मुलाकडे आहे, आणि काढलेले पाणी ते संत्र्याच्या दोन झाडांना देतात.